सेवानिवृत्तीची पुंजी : कर्ज, नादारी आणि घटस्फोट

परभणी जिल्हा म्हटला की काळी कसदार जमीन, कापूस, ज्वारी आणि अलीकडच्या काळातले सोयाबीन डोळ्यांसमोर येते. सेलू आणि मानवत या गावांची ख्याती कापसाच्या बाजारपेठा म्हणून आहे. तथापि शेतीच्या या जिल्ह्यात मासिक वेतनावर प्रपंच चालविणारा एक मोठा वर्गही गेल्या दोन-तीन पिढ्यांत उभा राहिला आहे. पूर्णा हे तर रेल्वेचेच गाव. १९७२ साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. जिल्हा परिषदेच्या शाळा, राज्य परिवहन महामंडळाची आगारे, महसूल व पाटबंधारे यांसारखी शासकीय कार्यालये, बँका आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने या सर्वांत काम करणाऱ्या माणसांच्या नावावर सात-बाराचा उतारा असतोच असे नाही. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, निवृत्तीच्या दिवशी हाती येणारे उपदान आणि त्यानंतर दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन हीच त्यांची जमीन आणि हेच त्यांचे म्हातारपणीचे पीक.

या पुंजीवर संकट येते ते बहुधा दोन वाटांनी. एक कर्जाची, दुसरी मोडलेल्या संसाराची. पुष्कळदा या दोन्ही वाटा एकाच घरात येऊन मिळतात. अशा वेळी कायदा कशाचे रक्षण करतो आणि कशाचे करीत नाही, याची माहिती नसल्यामुळे माणसे घाबरून भलतेच पाऊल उचलतात. ज्या पैशाला कोणीही हात लावू शकला नसता, तो पैसा ती आपण होऊन काढून देतात. प्रस्तुत लेखात या विषयाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

जामीनकीची सही

एक उदाहरण कल्पू या. जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून काम करणारी अठ्ठेचाळीस वर्षांची एक स्त्री आहे. ती १ नोव्हेंबर २००५ च्या पूर्वी सेवेत आली असल्यामुळे तिला जुनी निवृत्तिवेतन योजना व सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी लागू आहे. पतीचे जिंतूरला बी-बियाणे व खतांचे दुकान होते. दुकानासाठी घेतलेल्या कर्जाच्या कागदावर तिने जामीनदार म्हणून सही केली. पुढे दोघांचे पटेनासे झाले, न्यायालयातून घटस्फोट झाला, मुलगी आईकडे राहिली. दुकान बुडाले. कर्ज देणाऱ्या बँकेने दोघांविरुद्ध नऊ लाखांचा हुकूमनामा मिळविला आणि दरखास्त दाखल केली. पतीचा ठावठिकाणा नाही. पत्नीचा मात्र आहे, कारण ती रोज साडेदहाला कार्यालयात जाते. बेलीफ तिच्याच दारी आला. भाऊ म्हणतो, “ताई, फंड काढ आणि एकदाचे मोकळे हो.” कार्यालयातील सहकारी म्हणतात, “नादारीचा अर्ज करा.” दोघांचाही हेतू चांगलाच आहे.

तिला सर्वप्रथम समजून घ्यावी लागेल ती तिच्या सहीची किंमत. केवळ पत्नी आहे म्हणून पतीचे कर्ज पत्नीच्या माथी येत नाही. ते येते सहीमुळे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. बँकेने आधी पतीकडून वसुली करावी व मगच पत्नीकडे यावे, असे बंधन सामान्यतः नाही. घटस्फोटाने विवाह संपतो, जामीनकी संपत नाही. घटस्फोटाच्या तडजोडीत “दुकानाचे सर्व कर्ज पतीने फेडावे” असे लिहिले असले तरी ते त्या दोघांपुरते. बँक त्या तडजोडीत पक्षकार नव्हती, म्हणून ती बँकेवर बंधनकारक नाही. मात्र ते वाक्य निरुपयोगी आहे असेही समजू नये. जामीनदाराने जे भरले ते मूळ ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम १४५ ने दिलेला आहे, आणि पुढेमागे पतीची काही मालमत्ता सापडली तर या लेखी कबुलीचा उपयोग होतो.

जप्तीला मज्जाव

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ याचे कलम ६० हे या संपूर्ण विषयाचा कणा होय. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोणती मालमत्ता जप्त करता येते हे ते आधी सांगते आणि मग कोणत्या मालमत्तेला हात लावता येत नाही याची एक लांबलचक यादी देते. ही यादी वाचण्याजोगी आहे. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तितकी जनावरे व बियाणे, शेतकऱ्याचे व मजुराचे राहते घर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेल्या या यादीत माणसाला कर्जासाठी कोठपर्यंत ओरबाडावे याची एक मर्यादा आखलेली दिसते. ज्या शेतकऱ्याला फंड नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, त्याचा भविष्य निर्वाह निधी म्हणजे ही बैलजोडी व हे बियाणेच. परभणीसारख्या जिल्ह्यात याची माहिती पगारदारांइतकीच शेतकऱ्यांनाही असावयास हवी.

याच यादीत पुढे पगारदाराची पुंजी येते. शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा अन्य कोणत्याही नियोक्त्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांना मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान यांवर जप्ती येत नाही. भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९२५ ज्याला लागू आहे अशा निधीतील सक्तीच्या ठेवींवर येत नाही. ऋणकोच्या आयुर्विम्याखाली देय असलेल्या रकमेवर येत नाही. लोक भविष्य निर्वाह निधी, ज्याला सर्वजण पी.पी.एफ. म्हणतात, त्यातील रकमेलाही असेच संरक्षण आहे. २०१९ साली त्या योजनेची नवी नियमावली आली तेव्हा ते कायम ठेवण्यात आले.

निवृत्तिवेतनाचे संरक्षण तर याहूनही जुने आहे. निवृत्तिवेतन अधिनियम १८७१ सालचा. कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने धनकोच्या मागणीसाठी शासकीय निवृत्तिवेतन जप्त करता येणार नाही असे त्याचे कलम ११ सांगते, आणि निवृत्तिवेतन मिळण्यापूर्वीच ते दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा करार रद्दबातल आहे असे कलम १२ सांगते. म्हाताऱ्या शिपायाचे निवृत्तिवेतन सावकाराने आधीच लिहून घ्यावे, या प्रकाराला आळा घालण्याची ही तरतूद आहे.

१९२५ च्या अधिनियमाचे कलम ३ आणि कारखाने व खाजगी आस्थापनांसाठी झालेल्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ याचे कलम १० ही दोन्ही आणखी एक पाऊल पुढे गेली. निधीतील शिल्लक गहाण ठेवता येणार नाही, दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, ऋणकोच्या कोणत्याही कर्जासाठी जप्त होणार नाही, एवढे सांगून ती थांबली नाहीत. माणूस नादार ठरल्यावर त्याच्या मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या प्रापकाचाही या शिल्लकेवर अधिकार राहणार नाही, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटले. जिनिंग कारखान्यातील कामगारांनी एक बदल मात्र लक्षात ठेवावा. १९५२ चा हा अधिनियम व उपदानासंबंधीचा १९७२ चा अधिनियम यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. न्यायालयात अर्ज करताना जुन्या कलमाचा क्रमांक न लिहिता चालू कलम वकिलाकडून पाहून घ्यावे.

येथे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पैसा शासनाच्या तिजोरीत आहे तोवर ठीक. पण तो निवृत्तीनंतर हाती आला आणि बँकेत ठेवला, की मग काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली एका चिट फंडाच्या प्रकरणात, कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत या रकमा सुरक्षित असतात, असा निर्वाळा दिला होता. त्यापुढील टप्पा २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता यांच्या प्रकरणात आला. निवृत्तिवेतन व उपदान यांची रक्कम निवृत्त व्यक्तीने मुदत ठेवीत गुंतविली तरी तिचे मूळ स्वरूप बदलत नाही, आणि कलम ६० चे संरक्षण तिला राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ असा की, ठेव निवृत्तीच्या लाभातूनच केली आहे हे दाखविता आले पाहिजे. ज्याने उपदानाची रक्कम, प्लॉट विकून आलेले पैसे आणि मेहुण्याने परत केलेली उसनवारी एकाच खात्यात टाकून त्यातून चार ठेवी केल्या, त्याला हे दाखविणे जड जाईल. निवृत्तीच्या रकमेसाठी वेगळे खाते असावे आणि ते पासबुक जपून ठेवावे.

दुसरी एक तरतूद फारशी कोणाच्या कानावर नसते. कर्जाच्या छापील कागदपत्रांत “माझ्या फंडातून, निवृत्तिवेतनातून वसुली करण्यास माझी हरकत नाही” असे कलम कोठेतरी बारीक अक्षरांत असते. आपण सही करून बसलो, आता काय बोलणार, अशी लोकांची समजूत होते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६० ला जी पोटकलमे जोडली, त्यांत असे म्हटले आहे की, या कलमातील संरक्षण सोडून देण्याचा करार रद्दबातल समजला जाईल. म्हणजे ज्या जप्तीस कायद्याने बंदी केली ती सहीच्या जोरावर करून घेता येत नाही.

पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिल्यास त्याच्या वेतनातून हप्ता कापून संस्थेकडे भरण्याचे बंधन कार्यालयावर येते. ही कपात म्हणजे न्यायालयाची जप्ती नव्हे, ती आपणच दिलेली संमती आहे. तेव्हा ती संमती किती हप्त्यांसाठी व किती रकमेची, हे सहीपूर्वी वाचलेले बरे.

वेतनाचा हिशेब

निधी सुरक्षित, पण वेतन पूर्णपणे नव्हे. पोटगीखेरीज अन्य कोणत्याही हुकूमनाम्यासाठी वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश एवढा भाग जप्तीमुक्त असतो. शासनाने जप्तीमुक्त म्हणून जाहीर केलेले भत्ते आधीच वगळलेले असतात. आपल्या उदाहरणातील स्त्रीचे असे हिशेबी वेतन ४६,००० रुपये धरले, तर १,००० अधिक ३०,००० मिळून ३१,००० रुपयांना हात लागत नाही व १५,००० रुपये दरमहा कापले जाऊ शकतात.

ही कपात नऊ लाख फिटेपर्यंत चालणार, असे तिला वाटते. तसे नाही. वेतनाचा जप्तीपात्र भाग सलग किंवा मध्ये खंड पडून एकूण चोवीस महिने जप्त राहिला, की पुढील बारा महिने तो मोकळा होतो. आणि ही जप्ती एकाच हुकूमनाम्याची असेल तर चोवीस महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यापुरती वेतनावरील जप्ती कायमचीच संपते. म्हणजे या उदाहरणात वेतनातून जास्तीत जास्त ३,६०,००० रुपये वसूल होतील. बाकीसाठी बँकेने तिची अन्य मालमत्ता शोधावी. गावठाणात तिच्या नावे एखादा मोकळा प्लॉट असेल तर तो वाचणार नाही. परंतु निधी काढून एकदम नऊ लाख भरणे आणि कायद्याच्या मर्यादेत राहून चोवीस महिने कपात सोसणे, यांतील अंतर तिने कागदावर मांडून पाहावे. “मोकळे होण्या”साठी किती मोजावे लागेल हे मग कळेल. बँकेशी तडजोडीची बोलणी करावयाची असतील, तर हाच हिशेब हाती असलेला बरा. लोक अदालतीत अशा तडजोडी होतात.

अटकेची धमकी हा वसुलीतील नेहमीचा प्रकार. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करून दिवाणी कैदेत ठेवता येत नाही, असे संहितेचे कलम ५६ निःसंदिग्ध शब्दांत सांगते. या एका वाक्याने किती तरी घरांतील रात्रीची झोप परत येईल.

नादारी म्हणजे काय

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याकडे वळू. आपल्याकडे ‘नादार’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, आणि त्यामुळे ही कायदेशीर सोय सांगताना बोलणाराही आवाज खाली आणतो. वास्तविक कर्ज फेडणे अशक्य झालेल्या प्रामाणिक माणसाला न्यायालयाच्या देखरेखीखाली नव्याने सुरुवात करू द्यावी, हा नादारीच्या कायद्याचा हेतू आहे. मुंबई, कोलकाता व चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा आणि मुफसल भागासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम, असे हे दोन जुने कायदे आहेत. १९२० च्या अधिनियमाखाली हे काम जिल्हा न्यायालयाकडे असते. ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. तो नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रापकाकडे जाते, ती विकून धनकोंना हिस्सेरशीने वाटप होते, आणि पुढे योग्य वेळी न्यायालय त्याला ऋणमुक्तीचा आदेश देऊ शकते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कलम २८ चे पाचवे पोटकलम महत्त्वाचे. दिवाणी प्रक्रिया संहितेने किंवा अन्य कायद्याने जी मालमत्ता जप्तीपासून मुक्त ठेवली आहे, ती नादाराच्या मालमत्तेत धरली जात नाही. याचा अर्थ कलम ६० ची यादी जशीच्या तशी येथे लागू होते. निधी, उपदान, निवृत्तिवेतन, आयुर्विमा हे सारे प्रापकाच्या कक्षेबाहेर राहतात. अर्जात त्यांचा उल्लेख करावा, लपवू नये. उल्लेख केल्याने संरक्षण जात नाही, मात्र लपविल्याने अर्जदाराच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका उत्पन्न होते. मालमत्ता दडविणाऱ्या नादारास या अधिनियमाखाली एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

दिवाळखोरी व नादारी संहिता, २०१६ हिचे नाव वृत्तपत्रांत वरचेवर येते. व्यक्तींच्या नादारीविषयीचा तिचा भाग आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. सामान्य पगारदार किंवा दुकानदार यांना तो अद्याप लागू नाही. त्या संहितेतही आयुर्विमा व निवृत्तिवेतन योजना वगळलेल्या मालमत्तेत आणि पोटगी वगळलेल्या कर्जात घातलेली आहे, हे येथे नोंदवून ठेवतो.

नादारीचा मार्ग सोपा नाही आणि सर्वांसाठी तो योग्यही नाही. शासकीय कर्मचाऱ्याच्या वर्तणूक नियमांनुसार कर्जबाजारीपणा व नादारी टाळण्याची जबाबदारी त्याच्यावर असते, व तसा प्रसंग आल्यास कार्यालयाला वस्तुस्थिती लेखी कळवावी लागते. नादार व्यक्तीला स्थानिक संस्थेची निवडणूक लढविण्यास अपात्रता येते. आणि आणखी एक गोष्ट आपल्या उदाहरणातील स्त्रीसाठी निर्णायक आहे : पतीने नादारीचा अर्ज करून ऋणमुक्ती मिळविली तरी जामीनदार मुक्त होत नाही. कलम ४४ तसे स्पष्ट सांगते. पतीची नादारी हा तिचा बचाव नव्हे. तिला स्वतःचाच बचाव उभा करावा लागेल.

पोटगीचे ऋण

आतापर्यंत कर्जबाजारी झालेल्या स्त्रीच्या बाजूने पाहिले. आता तोच कायदा उलट बाजूने पाहिला पाहिजे, कारण फंड व निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचा आडोसा घेऊन पत्नी व मुलांची जबाबदारी टाळू पाहणारे पतीही असतात. “मी नादारीच घेतो, मग पोटगी कोठून घेशील?” हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते.

प्रांतिक नादारी अधिनियमाच्या याच कलम ४४ मध्ये ऋणमुक्तीच्या आदेशाने कोणती देणी सुटत नाहीत हे सांगितले आहे. शासनाचे देणे सुटत नाही, कपटाने केलेले कर्ज सुटत नाही, आणि फौजदारी न्यायालयाने दिलेल्या पोटगीच्या आदेशाखालील जबाबदारी सुटत नाही. त्या वेळी या आदेशाची तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ मध्ये होती, पुढे १९७३ च्या संहितेत ती कलम १२५ झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ म्हणून आहे. क्रमांक बदलत गेला, ऋण तेच राहिले. पोटगी थकविणाऱ्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि ही मुदत निसटल्यामुळे अनेक स्त्रियांचे नुकसान होते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या तरतुदीचा आधार घेता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी दिला आहे.

वेतनाच्या बाबतीतही कायद्याने हा भेद केला आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी वेतनाचा केवळ एक-तृतीयांश भाग मुक्त असतो. तीस हजारांच्या वेतनातील वीस हजार पत्नी-मुलांसाठी जप्त होऊ शकतात. तेच वेतन बँकेच्या हुकूमनाम्यासाठी असेल, तर त्यातून दहा हजारांहूनही थोडे कमीच मिळतील. निवृत्तिवेतनाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. १८७१ च्या अधिनियमातील बंदी ही धनकोंसाठी आहे, पत्नी ही धनको नव्हे, म्हणून पोटगीच्या वसुलीसाठी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येते, असे त्या न्यायालयाने म्हटले. सावकाराला दूर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत घरच्यांना उपाशी ठेवण्यासाठी वापरता येत नाही, असा याचा आशय आहे आणि तो योग्यच वाटतो. भविष्य निर्वाह निधीसंबंधीचे कायद्याचे शब्द याहून कडक असल्यामुळे त्या रकमेवर थेट जप्ती मागण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

घटस्फोट झाला की पतीच्या फंडात पत्नीचा निम्मा हिस्सा आपोआप होतो, असा एक गैरसमज आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २५ खाली न्यायालय कायम पोटगी ठरविते तेव्हा दोघांचे उत्पन्न व मालमत्ता पाहते, आणि त्यात निवृत्तीची पुंजीही लक्षात घेतली जाऊ शकते. ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र देणे आवश्यक केले. या कागदाकडे दुर्लक्ष करू नये. पतीच्या निधीची, ठेवींची व विम्याची माहिती विचारण्याची जागा तीच. इतर देशांतही हा प्रश्न आहेच. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याखालील निवृत्ती निधी नादाराच्या मालमत्तेत धरला जात नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरविले; आणि तेथेही पोटगीचे देणे नादारीने सुटत नाही.

घाईत होणाऱ्या चुका

संकट दिसू लागले की घर भावाच्या नावे करून द्यावे, सोने आईकडे ठेवावे, असे सुचविणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. योग्य मोबदल्याशिवाय असे हस्तांतर केले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत तो मनुष्य नादार ठरला, तर ते हस्तांतर रद्द करण्याचा न्यायालयाला अधिकार आहे. एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन आधी त्याचे देणे चुकते केले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर तो व्यवहारही टिकत नाही. मग ना घर राहते, ना प्रामाणिकपणाची पत.

याहून मोठी चूक म्हणजे निधीतून ना-परतावा रक्कम काढून कर्जात भरणे. निधीत असताना जी रक्कम प्रापकालाही मिळाली नसती, ती धनकोच्या खात्यात गेल्यावर कोणताही कायदा परत आणून देत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी नियमाप्रमाणे रक्कम काढणे ही वेगळी गोष्ट आहे. पतीने बुडविलेल्या दुकानासाठी ती काढण्यापूर्वी मात्र दहा वेळा विचार व्हावा.

घटस्फोटानंतर नामनिर्देशन बदलण्याचे अनेकांच्या मनातच येत नाही. सेवापुस्तकात वीस वर्षांपूर्वी लिहिलेले नाव तसेच राहते, आणि पुढे दुर्दैवी प्रसंग ओढवला की वृद्ध आई, मुले व पूर्वीचा जोडीदार यांच्यात वाद सुरू होतो. विम्यातील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, वारसांना बाजूला सारून ती मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले असले, तरी वाद न्यायालयात नेण्यापेक्षा आस्थापना शाखेत जाऊन नवा नमुना भरणे कितीतरी सोपे. निधी, उपदान, गटविमा, आयुर्विमा आणि बँकेतील प्रत्येक खाते यांसाठी तो स्वतंत्रपणे भरावा लागतो.

हरकत कोठे घ्यावी

जप्तीमुक्त रकमेवर जप्ती आली तर गप्प बसू नये. ज्या न्यायालयात दरखास्त चालू आहे तेथेच कलम ४७ खाली हरकतीचा अर्ज करता येतो. न्यायालय आपण होऊन पासबुक तपासील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ही रक्कम निवृत्तीच्या लाभाची आहे हे सांगण्याचे व सिद्ध करण्याचे काम ऋणकोचेच. रक्कम धनकोला अदा होण्यापूर्वी हा अर्ज झाला पाहिजे.

वकील नेमण्याची ऐपत नाही, ही अडचण स्त्रियांच्या बाबतीत राहू नये अशी तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क आहे, आणि स्त्रीच्या बाबतीत तिचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. म्हणजे नोकरी करणारी लिपिक स्त्रीदेखील यासाठी पात्र आहे. परभणी येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. जाताना हुकूमनाम्याची व दरखास्तीच्या नोटिशीची प्रत, कर्जाच्या व जामीनकीच्या कागदांच्या प्रती, घटस्फोटाचा निकाल, मागील तीन महिन्यांची वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचे अलीकडचे विवरणपत्र आणि बँकेची सर्व पासबुके बरोबर न्यावीत. नोटिशीवरील तारीख आधी पाहावी व त्या तारखेच्या पुरेसे दिवस अगोदर जावे.